मितव्ययी, मितभाषी आणि एका वहीतले दोन हजार शब्द

यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात ग्रामपंचायतीच्या जुन्या खोलीत अभ्यासिका चालते. दोन ट्यूबलाइट, आठ-दहा खुर्च्या आणि एक कूलर. टाकीत पाणी नसलं की तो कूलर नुसता पंखा होतो, आणि मे महिन्यात तो नुसता पंखाच असतो. मी तालुक्याला कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवतो आणि शनिवार-रविवार गावी आलो की तिथं तास-दोन तास बसतो. हे प्रकरण तिथलंच, एका मुलीचं. तिला विचारून लिहितोय, नाव मात्र देत नाही.

वय तेवीस, बी.एस्सी. झालेली. वडिलांचं साडेतीन एकर कोरडवाहू, त्यात कपाशी आणि तूर. शिक्षण दहावीपर्यंत गावातच मराठी माध्यमात. केंद्र सरकारच्या नोकरभरतीसाठी स्टाफ सिलेक्शन कमिशन घेतं त्या पदवीधर पातळीवरच्या परीक्षेची, म्हणजे सीजीएलची, तयारी करत होती. या परीक्षेच्या पहिल्या टप्प्यात साठ मिनिटांत १०० प्रश्न असतात. त्यात इंग्रजीचे २५, म्हणजे २०० पैकी ५० गुण, आणि उत्तर चुकलं की अर्धा गुण कापला जातो. गणित आणि बुद्धिमत्तेत ती अभ्यासिकेतल्या सगळ्यांच्या पुढं. इंग्रजीत सराव परीक्षेला पन्नासपैकी वीस-बावीसच्या वर जात नव्हती.

तिच्याकडं एक दोनशेपानी वही होती. तिच्यात दोन हजारांच्या आसपास इंग्रजी शब्द, अक्षरानुक्रमे, सुरेख अक्षरात. डावीकडं शब्द, मधे उच्चार, उजवीकडं मराठी अर्थ. बाजारात मिळणाऱ्या एका पुस्तिकेवरून दीड वर्ष बसून उतरवलेले.

तिची तक्रार एका वाक्याची होती. “सर, मले सगळे शब्द येतात, पण पेपरात आठोत नाहीत. माही मेमरीच कमजोर हाये.”

माझी पहिली चूक

मी तिचं निदान तसंच्या तसं मान्य केलं. पेशंट म्हणाला पोट दुखतं आणि डॉक्टरनं पोटाची गोळी दिली, तसं. अक्षरानुक्रमे पाठ करणारी मुलगी, उजळणीचा पत्ता नाही, मग विसरणारच की. जर्मनीत हेर्मान एबिंगहाऊस यांनी १८८५ साली प्रसिद्ध केलेले विसरण्याचे प्रयोग मी वर्गात नेहमी सांगतो, ते तिलाही सांगितले. या माणसानं स्वतःवरच प्रयोग केले. काही अर्थ नसलेली अक्षरजुळणी पाठ करायची आणि काही वेळानं तीच पुन्हा पाठ करायला किती श्रम वाचतात ते मोजायचं. एका दिवसानंतर बचत उरली जेमतेम एक तृतीयांश. सर्वांत जास्त गळती सुरुवातीच्या काही तासांतली. म्हणून उजळणी लवकर करायची आणि मग हळूहळू अंतर वाढवत न्यायचं.

त्यासाठी सेबॅस्टियन लाइटनर या जर्मन लेखकानं १९७२ साली लोकांपुढं आणलेली खोक्यांची पद्धत सोपी आहे. शब्दांची कार्डं करायची, पाच खोके घ्यायचे. पहिल्या खोक्यातली कार्डं रोज पाहायची, दुसऱ्यातली दिवसाआड, पुढच्यांतली आणखी उशिरा. उत्तर बरोबर आलं की कार्ड पुढच्या खोक्यात, चुकलं की कुठूनही थेट पहिल्यात. कार्डासाठी पैसे खर्चायची गरज पडली नाही. लग्नसराई नुकतीच संपली होती आणि घरोघरी पत्रिकांचे गठ्ठे पडून होते. त्यांच्या कोऱ्या पाठी कापून तिनं चारशे कार्डं केली. एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला वहीतला अर्थ. खोके म्हणून बिस्किटांचे रिकामे डबे.

दोन महिने तिनं हे इमानदारीत केलं. चारशेपैकी तीनशेच्या वर कार्डं शेवटच्या दोन डब्यांत पोचली. सराव परीक्षेत गुण आले तेवीस.

खरं तर इथंच माझी खात्री डळमळायला हवी होती. मी तिला आणखी एक महिना करायला सांगितलं. मास्तरकीची खोड.

मग काय सापडलं

जूनमध्ये पाऊस लांबला होता, शेतात काम नव्हतं, म्हणून एका रविवारी निवांत बसलो. शेवटच्या डब्यातली, म्हणजे तिला ‘पक्की येणारी’, चाळीस कार्डं काढली आणि तीन तऱ्हांनी विचारली. आधी वहीतला अर्थ सांग. मग चार शब्द देतो, त्यातला नेमका वाक्यात बसव. आणि शेवटी, तोच अर्थ घरात आईला सांगशील तसा सांग. पहिल्या तऱ्हेत चाळीसपैकी छत्तीस बरोबर. दुसऱ्यात पंधरा. तिसऱ्यात तेरा. आणि गंमत म्हणजे दुसऱ्यातले पंधरा आणि तिसऱ्यातले तेरा हे बहुतेक एकच शब्द होते.

एक संवाद जसाच्या तसा लिहून ठेवलाय.

“रेटिसंट म्हणजे?”

“मितभाषी.” क्षणाचाही वेळ नाही.

“आणि मितभाषी म्हणजे?”

ती थांबली. “कमी खर्च करणारा?”

“मग फ्रुगल म्हणजे?”

“मितव्ययी.” पुन्हा थांबली. “सर, थे दोन्ही एकच हायेत का?”

“मित म्हणजे काय गं?”

“मित्रासारखं काहीतरी असन.”

त्यानंतर आम्ही वही पुन्हा पहिल्या पानापासून वाचली, पण डावी बाजू झाकून. उजवीकडं काय होतं? आर्ड्युअस: दुष्कर. अ‍ॅबस्ट्रूस: दुर्बोध. ऑब्ड्युरेट: दुराग्रही. अ‍ॅमिकेबल: सौहार्दपूर्ण. अ‍ॅफेबल: मिलनसार. ऑब्सिक्विअस: चाटुकार. पुस्तिका हिंदीवरून मराठीत आणलेली असणार, निम्मे अर्थ वरवर मराठी, आतून हिंदी. उरलेले असे संस्कृत, की जे आमच्या गावात कुणाच्या तोंडी नाहीत, माझ्याही नाहीत. ‘दुर्’नं सुरू होणारे सगळे शब्द तिच्या डोक्यात एकाच ढिगात पडले होते. दुष्कर, दुर्बोध, दुराग्रही, तिन्हींचा तिला कळलेला अर्थ एवढाच की काहीतरी वाईट.

म्हणजे तिची स्मरणशक्ती उत्तमच होती. ती दोन हजार अनोळखी इंग्रजी शब्दांपुढं दोन हजार अनोळखी मराठी शब्द पाठ करत होती, आणि ते तिनं करूनही दाखवलं होतं. एबिंगहाऊसनं प्रयोगासाठी मुद्दाम निरर्थक अक्षरं निवडली होती. आमच्या पोरीला ती पुस्तिकेनं विकत दिली, ‘अर्थ’ या रकान्यात.

याला शिक्षक म्हणून माझीही जबाबदारी आहे. इंग्रजीचा अर्थ मराठीत दिला की मराठी मुलाला कळलाच असेल, हे आम्ही गृहीत धरतो. पुस्तकी मराठी ही वऱ्हाडी बोलणाऱ्या मुलासाठी वेगळी, शिकायची भाषा आहे हे आम्हाला माहीत असतं. पण तास इंग्रजीचा असतो, म्हणून ते आम्ही मराठीच्या मास्तरांवर सोडून देतो.

आजी, बाबा आणि नाल्यावरचे दोघं

उजवा रकाना पूर्ण खोडायचं ठरलं. नवा नियम असा की अर्थ आजीला कळेल अशा शब्दांत लिहायचा, आणि त्यासोबत गावातलं एक माणूस किंवा एक प्रसंग. माणूस सापडला नाही तर कार्डच करायचं नाही.

पहिलं कार्ड फ्रुगलचं झालं. मागं तिनं लिहिलं: “काटकसरी. माही आजी. साबनाचा तुकडा संपत आला का नव्या साबनाले चिकटोते.” मग पार्सिमोनिअस आला. शब्दकोशात त्यालाही काटकसरी म्हटलेलं सापडतं. तिनं विचारलं, हे पण आजीच का? यावर आमचा अर्धा तास गेला आणि तो सगळ्यात सत्कारणी लागलेला अर्धा तास होता. आजी साबण वाचवते, पण पाव्हणा आला की चहात साखर दोन चमचे घालते. त्याच गल्लीतले एक गृहस्थ सुटे पैसे नाहीत म्हणून लेकराला रुपया कमी देतात. पहिली फ्रुगल किंवा थ्रिफ्टी, दुसरा पार्सिमोनिअस, बोलीभाषेतल्या इंग्रजीत स्टिंजी. एकात कौतुक आहे, दुसऱ्यात नाक मुरडणं आहे. मराठीत आपण हा फरक काटकसरी आणि चिक्कू यांत रोज करतो, कुणी शिकवावा लागत नाही. परीक्षेत समानार्थी शब्द विचारतात तेव्हा चार पर्यायांपैकी दोन जवळचे असतात, आणि बऱ्याचदा निकाल याच छटेवर लागतो.

छटेचं भान नव्हतं म्हणून आधी काय होत होतं, त्याचा एक नमुना सांगायलाच हवा. तिनं एका निबंधात आमच्या मुख्याध्यापकांना ‘नोटोरिअस’ लिहिलं होतं. वहीत त्यापुढं ‘प्रसिद्ध’ एवढंच होतं, खरा अर्थ कुप्रसिद्ध. सर निवृत्त झाले आहेत, त्यांना ही गोष्ट सांगितली तेव्हा म्हणाले, मुलांचं खरंच चुकलं का ते एकदा तपासून पाहा.

रेटिसंटच्या कार्डावर तिचे बाबा आले. घरी बोलतात, पण बँकेत साहेबासमोर बसले की तोंड उघडत नाहीत. हे मितभाषीपेक्षा जास्त नेमकं आहे, कारण रेटिसंट म्हणजे नुसता कमी बोलणारा नाही, मनातलं उघड करायला न धजणारा. ऑब्सिक्विअससाठी साहेबाच्या मागं छत्री धरून धावणारा एक कार्यकर्ता. इफेमरल म्हणजे अळवावरचं पाणी, आणि हे तिला आजीनंच दिलं.

दुसरी गोष्ट शब्दांच्या मुळांची. ही मी वर्गातही सांगतो, पण तिथं ती व्याकरणासारखी कोरडी होते. इथं ती धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, झाली. जुलैत डवरणी, म्हणजे पिकाच्या ओळींमधली कोळपणी, चालू होती, मी सहज गेलो होतो. बाबा डवऱ्यामागं, ही धुऱ्यावर कार्डं घेऊन. डिलिरिअस हा शब्द वर होता, तापात बरळणारा. मी सांगितलं की लॅटिनमध्ये ‘लिरा’ म्हणजे शेतातली नांगरलेली सरळ रेघ, आणि ‘डि’ म्हणजे तिच्यापासून दूर. बाबांनी बैल थांबवले. “म्हणजे बैलानं तास सोडलं.” तास म्हणजे तीच रेघ. हो, एवढंच. भ्रमिष्ट माणसासाठी रोमन शेतकऱ्यानं हाच शब्द वापरला. आपणही ‘भरकटला’ म्हणतोच.

तिथून पुढं बाबाच विचारायला लागले. रायव्हल म्हणजे प्रतिस्पर्धी, हा ‘रिव्हस’वरून, म्हणजे ओढ्यावरून आला. एकाच ओढ्याचं पाणी वापरणारे दोघं ते रायव्हल. बाबांनी तात्काळ आमच्या नाल्यावर समोरासमोर मोटारी बसवलेल्या दोघा भावांची नावं सांगितली आणि लगेच म्हणाले, वहीत लिहू नको. डिराइव्ह हा त्याच ओढ्यातून काढलेला चर. ट्रिब्युलेशन, म्हणजे हालअपेष्टा, यात ‘ट्रिब्युलम’ आहे, धान्य मळायची जड फळी, जी कणसांवरून ओढत. ‘ग्रेक्स’ म्हणजे कळप. त्यावरून ग्रिगेरिअस, माणसांत रमणारा. सेग्रिगेट, कळपातून वेगळं काढणं. अ‍ॅग्रिगेट, एकत्र गोळा करणं. आणि इग्रीजिअस, कळपाबाहेर उठून दिसणारं. हा पूर्वी चांगल्या अर्थानंही वापरत, आता फक्त ढळढळीत वाईट चुकीसाठी. एका ‘ग्रेक्स’मध्ये चार कार्डं बसली.

आणि मॉर्गेज. हा शब्द तर गावात सगळ्यांच्या तोंडी. जुन्या फ्रेंचमधला ‘मॉर्ट’ म्हणजे मेलेलं आणि ‘गेज’ म्हणजे तारण. हा ‘मॉर्ट’ आणि आपलं ‘मृत’ हे एकाच घरचे. तसंच पैशासंबंधीचा पेक्युनिअरी हा ‘पेकस’वरून, म्हणजे गुराढोरांवरून, आणि ‘पेकस’चा भाऊ आपल्याकडं ‘पशु’. जनावरं हेच धन, हे रोमलाही माहीत होतं. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचं नातं विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्यात एशियाटिक सोसायटीपुढच्या भाषणात मांडलं होतं. त्याचा उपयोग दोनशे वर्षांनी आमच्या धुऱ्यावर झाला. अर्थात नातं सापडायला लागलं की माणूस सगळीकडंच नाती जोडतो. पुढच्या आठवड्यात तिनं इंग्रजी ‘सेंट’ आणि आपला ‘संत’ एक करून आणले. दिसायला जुळे, पण रक्ताचं नातं नाही. सेंट लॅटिन ‘सँक्टस’वरून आला, संत आपल्या ‘सत्’वरून.

पायातली भोकं

हे सगळं चालू असताना एक गोष्ट उशिरा लक्षात आली. तिला ऑब्सिक्विअस येत होता आणि ‘हार्डली’ येत नव्हता. ‘ही हार्डली वर्क्स’ याचा अर्थ तिनं सांगितला, तो खूप मेहनतीनं काम करतो. म्हणजे नेमका उलटा. मायकल वेस्ट हे इंग्रज शिक्षक बंगालमध्ये ढाक्याला काम करत असताना त्यांना दिसलं होतं की मुलांना आधी सर्वाधिक वापरातले शब्द द्यायला हवेत. पुढं १९५३ साली त्यांनी सुमारे दोन हजार शब्दांची यादी छापली. न्यूझीलंडमध्ये अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली तिच्यापुढची, अभ्यासाच्या पुस्तकांत वारंवार येणाऱ्या ५७० शब्दकुळांची यादी केली. आमच्या मुलीनं या दोन्ही मजल्यांवरून उडी मारून थेट गच्ची गाठली होती.

या पायाभरणीत गावातल्याच इंग्रजीनं मदत केली आणि घोटाळाही केला. कर्ज ‘सँक्शन’ झालं हे पोरासोरांना कळतं. पण पेपरात एखाद्या देशावर ‘सँक्शन्स’ लादले असं आलं की तिला वाटायचं, मंजुरी मिळाली. शब्द तोच, अर्थ उलटा, निर्बंध. ‘रिकव्हरी’ म्हणजे तिच्या लेखी बँकेची वसुलीची गाडी, दवाखान्यातली रिकव्हरी तिला विनोदी वाटली. ‘यील्ड’ म्हणजे एकरी उतारा हे पक्कं, पण शरण जाणं, वाट देणं हे नवं. अशा तीस-चाळीस शब्दांची तिनं वेगळी, पिवळ्या पत्रिकांची गड्डी केली.

वेचणी

दसऱ्यानंतर कापूस फुटला आणि अभ्यासिका ओस पडली. मजूर मिळत नव्हते, घरातल्या सगळ्या बाया शेतात. मी तिला कार्डं सोबत न्यायला सांगितलं. “ओटीत कापूस घेऊ का कार्डं घेऊ सर?” म्हणाली, आणि विषय संपला. आठ आठवडे एकही कार्ड हलवलं गेलं नाही.

पण त्या खंडानं जे दाखवलं ते मला मुद्दाम ठरवूनही करता आलं नसतं. डिसेंबरात परत बसलो तेव्हा आजीच्या भाषेतली, माणसं जोडलेली कार्डं बहुतेक तशीच होती. मुळांवरून शिकलेली थोडी पुसट. वहीतल्या जुन्या रकान्यावरून पाठ केलेली जवळपास साफ गेलेली. मितव्ययी आणि मितभाषी दोन्ही. फ्रुगल आणि रेटिसंट मात्र आजी आणि बाबांसह हजर.

पुढं

फेब्रुवारीपासून सराव परीक्षेत इंग्रजीचे गुण तीसच्या पुढं स्थिरावले. सगळं श्रेय कार्डांचं नाही. याच काळात तिनं मोबाइलवर रोज एक इंग्रजी अग्रलेख वाचायला सुरुवात केली होती, आणि त्यातला किती वाटा हे वेगळं काढता येत नाही. शब्दांची संख्या मात्र घटली. दोन हजारांच्या वहीतून नवीन कार्डं झाली साडेपाचशे. सुरुवातीला तिला ही माघार वाटायची. बाकीच्या मुली तीन हजार सांगतात आणि मी पाचशे, असं म्हणायची.

परीक्षेच्या पहिल्या टप्प्यातून ती पुढं गेली. दुसऱ्या टप्प्यात अडकली, आणि तीही इंग्रजीत नाही, संगणकज्ञानाच्या पात्रता भागात. गावात चालू स्थितीतला संगणक एकच, तोही ग्रामपंचायतीत, दाखल्यांसाठी. शब्दांच्या नादात हा भाग माझ्याही ध्यानात राहिला नाही.

दुसऱ्यांदा असं प्रकरण आलं तर मी लाइटनरच्या डब्यांना हात लावण्याआधी तिसऱ्या तऱ्हेचा प्रश्न विचारीन, आईला सांगतेस तसं सांग. पाच मिनिटं लागतात. माझे साडेतीन महिने गेले. आणि मुळांच्या गोष्टी थोड्या हात आखडून सांगीन, कारण त्या सांगणाऱ्यालाच जास्त आवडतात आणि कधी आडव्याही येतात. सँग्विन या शब्दाचं तसं झालं. लॅटिन ‘सँग्विस’ म्हणजे रक्त. अंगात रक्त भरपूर म्हणून माणूस उत्साही, आशावादी, अशी जुन्या युरोपीय वैद्यांची समजूत. मी हौसेनं सांगितलं. तिच्या डोक्यात रक्त राहिलं आणि आशा गेली. दर वेळी ती ‘खुनशी’ असंच उत्तर देते. बाबांनीही प्रयत्न केला. पेरलं ते उलटलं, दुबार पेरणी केली, तरी यंदा साधेल म्हणणारा माणूस म्हणजे सँग्विन, असं उदाहरण दिलं आणि स्वतःकडं बोट दाखवलं. ती हसली, कार्डावर तसं लिहिलंही.

मागच्या रविवारी विचारलं. “खुनशी,” म्हणाली, आणि जीभ चावली. कार्ड पहिल्या डब्यात.